युरोपचा 'सीबॅम' कायदा: आकार किती, कोणावर आणि कशाच्या आधारावर?

बंदरकाठ

युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, म्हणजे व्यापारातले सगळे ज्याला 'सीबॅम' म्हणतात तो कायदा, १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाला आहे. मूळ कायदा मे २०२३ मधला. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या संक्रमणकाळात आयातदाराने फक्त तिमाही अहवाल द्यायचे होते, पैसे भरायचे नव्हते. आता युरोपात येणाऱ्या प्रत्येक टन पोलादामागे, अ‍ॅल्युमिनियममागे, सिमेंटमागे किंवा खतामागे उत्पादनाच्या वेळी किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला याचा हिशोब होणार असून त्यानुसार आयातदाराला प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागणार आहेत; हाच सीबॅमचा आकार. वीज आणि हायड्रोजन धरून एकूण सहा क्षेत्रे यात येतात.

मराठीत या विषयावर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे 'युरोपचा भारतावरील कर' एवढ्यावरच थांबते, म्हणून हा धागा काढत आहे. माझे काम निर्यातीच्या कागदपत्रांचे आहे आणि माझे मत असे झाले आहे की या कायद्याचे खरे स्वरूप त्याच्या दरात नसून त्याच्या सीमारेषांत आहे. कोणते उत्सर्जन मोजायचे आणि कोणते सोडायचे, कोणता माल यादीत घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, यावर सगळे अवलंबून आहे. एकाच औद्योगिक वसाहतीतल्या दोन शेजारी कारखान्यांपैकी एकाला त्याची झळ बसते आणि दुसऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

यादीचेच उदाहरण घ्या. एचएस कोड म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्यातला ७३१८ म्हणजे बोल्ट, नट आणि स्क्रू. हा माल यादीत आहे. ७३०७ म्हणजे पाइप फिटिंग आणि ७३२६ म्हणजे लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू, याही आहेत. पण ७३२५, म्हणजे लोखंडाच्या इतर ओतीव वस्तू, मूळ यादीत नाही, आणि मोटारीचे सुटे भाग ज्या ८७व्या प्रकरणात मोडतात तेही नाही. परिणामी कोल्हापूरच्या फाउंड्रीतून जाणारे बहुतेक ओतीव काम आज सीबॅमच्या बाहेर आहे, तर पुण्याजवळ बोल्ट बनवणारा लघुउद्योजक थेट आत आहे, जरी त्याच्या कारखान्यात धूर जवळजवळ निघतच नसला.

दुसरी गोष्ट म्हणजे जबाबदारीची. कायद्याच्या भाषेत पैसे भरणारा युरोपातला आयातदार असतो आणि त्याला 'अधिकृत घोषणाकर्ता' म्हणून आधी मान्यता घ्यावी लागते. २०२६ मध्ये आलेल्या मालाची प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून विक्रीला येतील आणि पहिले वार्षिक घोषणापत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचे आहे. म्हणजे माल आज जात आहे आणि त्याचे बिल पुढल्या वर्षी येणार आहे. या दरम्यानच्या काळात आयातदार आणि निर्यातदार यांच्यात जी घासाघीस चालते तिच्यात सध्या तरी आपल्या बाजूचे लोक पुरेशा तयारीने उतरत नाहीत, असे दिसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपने नियम बरेच सोपे केले. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला सूट मिळाली. वीज आणि हायड्रोजनला ही सूट नाही. युरोपीय आयोगाच्या म्हणण्यानुसार सुमारे ९० टक्के आयातदार यामुळे सुटले, तरी ९९ टक्के उत्सर्जन कायद्याच्या कक्षेतच राहिले. मात्र ही मर्यादा आयातदाराची आहे, निर्यातदाराची नाही. तुम्ही वर्षाला फक्त तीन टन स्क्रू पाठवत असलात, पण तुमचा ग्राहक वेगवेगळ्या देशांतून मिळून साठ टन घेत असला, तर तुमच्या तीन टनांचाही हिशोब द्यावा लागतो. छोट्या निर्यातदारांना सूट मिळाली असे जे सरसकट लिहिले गेले, ते या कारणाने अपुरे आहे.

जाणकारांनी भर घालावी.

भट्टीचे तापमान

धागा वेळेवर निघाला. मी फास्टनर बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो, म्हणून बोल्टची बाजू मांडतो.

आमच्याकडे वायर रॉड येतो, तो ओढून बारीक केला जातो, थंड अवस्थेतच ठोकून त्याला डोके दिले जाते, आटे पाडले जातात, मग उष्णता-प्रक्रिया आणि प्लेटिंग. या साखळीत आमचे स्वतःचे उत्सर्जन किरकोळ आहे. बोल्टच्या नावावर जो कार्बन लागतो तो जवळजवळ सगळा वायर रॉड ज्या पोलादातून आला त्याचा, म्हणजे ब्लास्ट फर्नेसचा (खनिज वितळवून लोखंड काढणारी भट्टी) किंवा स्पंज आयर्नचा (न वितळवता खनिजातून काढलेले लोखंड) असतो. कायद्यात याला पूर्वगामी माल धरतात आणि त्याचे उत्सर्जन अंतिम मालात मिळवावे लागते.

आता अडचण पाहा. जर्मनीतला ग्राहक आम्हाला विचारतो, आम्ही वायर रॉडच्या व्यापाऱ्याला विचारतो, व्यापारी रोलिंग मिलला विचारतो आणि मिलने बिलेट (लाटण्याआधीचे ओतीव पोलाद) तीन ठिकाणांहून घेतलेले असते. मोठ्या एकात्मिक पोलाद कंपन्यांकडे आकडे तयार असतात, पण ते मिळवण्याइतका आमचा खरेदीचा आवाका नसतो. आम्ही थेट कंपनीकडून नव्हे तर स्टॉकिस्टकडून माल उचलतो. हीट नंबरवरून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या पोलादाच्या क्रमांकावरून, मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मिळते, त्यावर कार्बन, मँगनीज, गंधक यांची टक्केवारी असते, पण तो हीट बनवताना हवेत किती कार्बन गेला याचा एकही रकाना त्यात नसतो. हा रकाना आला तर आमचे निम्मे काम होईल, हे मी गेल्या दोन वर्षांत भेटेल त्याला सांगत आलो आहे.

प्रत्यक्ष आकडे नसतील तर युरोपने प्रत्येक देशासाठी ठरवलेली डिफॉल्ट व्हॅल्यू, म्हणजे गृहीत धरलेले उत्सर्जन, लागते, आणि तिच्यावर २०२६ साठी १० टक्के, २०२७ साठी २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के वाढ चढते. खतांना ही वाढ फक्त १ टक्का आहे. म्हणजे कागद नसल्याचा दंड दरवर्षी वाढत जाणार. प्रत्यक्ष आकडे दिले तर ते मान्यताप्राप्त पडताळणीकाराकडून तपासून घ्यावे लागतात आणि पहिल्या वर्षी त्याने कारखान्यात स्वतः येऊन पाहणी करणे आवश्यक आहे. वर्षाला काही कंटेनर पाठवणाऱ्याला हा खर्च झेपेल का, हा प्रश्न मला आकारापेक्षा मोठा वाटतो.

चौथी ओळ

मी या क्षेत्रातला नाही, त्यामुळे प्रश्न साधा वाटल्यास क्षमस्व. एका अर्थविषयक वृत्तवाहिनीवर ऐकले की २०२६ मध्ये फक्त २.५ टक्के उत्सर्जनावर आकार लागेल आणि २०३४ पर्यंत तो १०० टक्के होईल. तसे असेल तर पहिल्या वर्षी ही रक्कम नगण्य नाही का? मग एवढी चिंता कशासाठी?

बंदरकाठ

@चौथी ओळ, प्रश्न अजिबात साधा नाही. या कायद्याविषयीचा सर्वांत पसरलेला गैरसमज नेमका हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युरोपातल्या पोलाद कारखान्यांना त्यांच्या उत्सर्जन व्यापार योजनेत आजवर बहुतांश परवाने (एक परवाना म्हणजे एक टन उत्सर्जनाची मुभा) फुकट मिळत होते. हे फुकट परवाने आता टप्प्याटप्प्याने काढून घेतले जात आहेत: २०२६ मध्ये ९७.५ टक्के उरतील, २०२७ मध्ये ९५, २०२८ मध्ये ९०, २०२९ मध्ये ७७.५, २०३० मध्ये ५१.५, आणि २०३४ मध्ये शून्य. आयात मालाला तेवढीच सवलत द्यावी, नाहीतर भेदभाव होईल, म्हणून सीबॅममध्येही ती वजावट ठेवली आहे. पण मेख अशी की युरोपातल्या कारखान्याला फुकट परवाने त्याच्या प्रत्यक्ष उत्सर्जनावर मिळत नाहीत, तर त्या क्षेत्रातल्या उत्तम कारखान्यांवरून ठरवलेल्या मानकावर मिळतात. तीच पद्धत आयातीला लावली आहे. म्हणजे वजावट मानकाच्या ९७.५ टक्के मिळते, तुमच्या उत्सर्जनाच्या ९७.५ टक्के नाही.

आकडे घालून पाहू. हे आकडे निव्वळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा ब्लास्ट फर्नेसच्या पोलादाचे मानक टनामागे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आहे आणि आपल्या कारखान्याचे उत्सर्जन टनामागे २.४ टन आहे. युरोपातला परवान्याचा दर, ज्यावरून सीबॅम प्रमाणपत्राचा दरही ठरतो, २०२४ आणि २०२५ मध्ये बहुतेक काळ ६० ते ८५ युरोंच्या दरम्यान होता. आपण ७५ धरू. वृत्तवाहिनीच्या हिशोबाने २.४ टनांचे २.५ टक्के गुणिले ७५, म्हणजे टनामागे साडेचार युरो. प्रत्यक्षातला हिशोब मात्र २.४ वजा १.४ च्या ९७.५ टक्के, म्हणजे २.४ वजा १.३६५, उरले १.०३५ टन, गुणिले ७५ म्हणजे टनामागे सुमारे ७८ युरो, तेही पहिल्याच वर्षी. २०३० मध्ये हीच रक्कम सुमारे १२६ युरो होईल आणि २०३४ मध्ये १८०.

उलट एखाद्या कारखान्याचे उत्सर्जन मानकाइतकेच, १.४ टन असेल, तर त्याला २०२६ मध्ये टनामागे जेमतेम अडीच युरो पडतील. अडीच टक्क्यांचे वाक्य खरे ठरते ते केवळ अशाच कारखान्याच्या बाबतीत. मानकाच्या वरचे जे काही आहे त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण दर लागतो, आणि आपले बहुतांश उत्पादन मानकाच्या वरच आहे.

समन्याय

वरचे गणित वाचल्यावर तर माझा आक्षेप अधिकच पक्का झाला.

हवामान बदलाविषयीच्या सगळ्या आंतरराष्ट्रीय करारांच्या मुळाशी, १९९२ च्या आराखडा करारापासून २०१५ च्या पॅरिस करारापर्यंत, एक तत्त्व आहे: जबाबदारी सर्वांची, पण ती प्रत्येकाच्या इतिहासाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे कमीअधिक. भारताने २०७० चे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य स्वतः जाहीर केले आहे. युरोपीय संघाचे ते २०५० चे आहे, आणि या दोन तारखांतले अंतर हाच त्या तत्त्वाचा आशय आहे. सीबॅम ते अंतर सीमेवर पुसून टाकतो. ज्या खंडाने दोनशे वर्षे कोळसा जाळून आपले पोलाद उभे केले, त्याच्याच मानकाने आज मोझांबिकसारख्या देशाच्या अ‍ॅल्युमिनियमचे माप घेतले जाते. अतिअविकसित देशांनासुद्धा या कायद्यात सरसकट सूट नाही, हे कित्येकांना माहीत नसते.

आणि नियम सर्वांना सारखा असतो म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. जानेवारी २०२६ मध्ये खतांवरचा सीबॅम आकार तात्पुरता थांबवावा अशी मागणी फ्रान्स आणि इटलीने केली, कारण तिथल्या शेतकऱ्यांना खत महाग पडणार होते. आयोगाने ती ऐकूनही घेतली. स्वतःच्या शेतकऱ्याची अडचण असते आणि दुसऱ्याच्या कामगाराची सबब असते, असा हा प्रकार आहे.

याआधीही असे घडले आहे. युरोपने २०१२ मध्ये विमानसेवांना उत्सर्जन योजना लावली तेव्हा युरोपात उतरणाऱ्या किंवा तिथून उडणाऱ्या विमानाच्या संपूर्ण प्रवासाचे उत्सर्जन त्यात धरले होते. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये ते वैध ठरवले होते. तरीही भारताने आपल्या विमान कंपन्यांना माहिती देऊ नका असे सांगितले, चीननेही नकार दिला, अमेरिकेतही विरोध झाला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने खंडाबाहेरच्या उड्डाणांपुरती अंमलबजावणी थांबवली. एकत्र नकार दिला तर युरोप मागे येतो, हा त्याचा धडा आहे. आज आपण निमूटपणे एक्सेल भरत बसलो आहोत.

लक्झेंबर्गस्थित

मी गेली काही वर्षे इथे युरोपीय कायद्याशी संबंधित काम करतो. समन्याय यांच्या तत्त्वाच्या मुद्द्याशी माझे फारसे भांडण नाही, पण २०१२ शी तुलना मला पटत नाही. त्या वेळी प्रत्यक्ष कायदेशीर बोजा परदेशी विमान कंपनीवर होता, त्यामुळे तिच्या सरकारला तिला थांबवता आले. सीबॅमची रचना करताना हा अनुभव लक्षात घेतलेला दिसतो, कारण इथे बोजा युरोपातल्या आयातदारावर आहे. भारत सरकारने निर्यातदारांना माहिती देऊ नका म्हटले, तर युरोप डिफॉल्ट व्हॅल्यू लावेल, तिच्यावरची वाढ चढवेल आणि आयातदार दुसरा पुरवठादार शोधेल. असहकाराची किंमत असहकार करणाऱ्यालाच मोजावी लागेल.

कायद्याच्या बाजूने दोन प्रश्न खरोखर खुले आहेत. पहिला युरोपच्या आतला. करविषयक तरतुदी करताना सर्व सदस्य देशांचे एकमत लागते, पर्यावरणविषयक तरतुदींना पात्र बहुमत पुरते. सीबॅम पर्यावरणाच्या कलमाखाली, बहुमताने, मंजूर झाला. पोलंडने २०२३ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात हाच मुद्दा नेला की हा वास्तविक कर आहे आणि म्हणून एकमत हवे होते. म्हणजे 'हा कर आहे' असे म्हणणारा फक्त भारत नाही.

दुसरा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेचा. रशियाने मे २०२५ मध्ये तिथे सीबॅमविरुद्ध सल्लामसलतीची मागणी केली. गॅट, म्हणजे मालाच्या व्यापाराविषयीच्या मूळ जागतिक कराराच्या, पहिल्या आणि तिसऱ्या कलमांप्रमाणे देशादेशांत आणि देशी-परदेशी मालात भेदभाव करता येत नाही. विसाव्या कलमात मात्र पर्यावरणासाठी अपवाद आहे, पण तो अपवाद मनमानी किंवा असमर्थनीय भेदभावाचे साधन होता कामा नये अशी अट आहे. या अटीचा अर्थ ज्या खटल्यात सर्वांत तपशिलाने लावला गेला तो १९९८ चा कोळंबी-कासव खटला (कासवांना धोका होईल अशा रीतीने पकडलेल्या कोळंबीवरच्या अमेरिकी आयातबंदीचा), आणि त्यात अमेरिकेविरुद्ध तक्रार करणाऱ्या चार देशांत भारत होता. संघटनेच्या अपील मंडळाने तेव्हा सांगितले की कासवांचे रक्षण हा हेतू अपवादात बसतो, पण इतर देशांच्या परिस्थितीचा विचार न करता एकच साचा सर्वांवर लादणे बसत नाही. समन्याय यांचा युक्तिवाद न्यायालयीन भाषेत मांडायचा तर तो इथून मांडता येईल, आणि माझ्या मते तो भक्कम आहे.

फक्त तो ऐकणारे कोणी उरलेले नाही. अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. काही देशांनी, युरोपीय संघासह, आपसांत पर्यायी लवाद व्यवस्था केली आहे, पण भारत तिच्यात नाही. उद्या आपण पॅनेलपुढे जिंकलो तरी युरोप अपील करू शकतो, आणि ते अपील पोकळीत पडून राहील.

भट्टीचे तापमान

एक्सेल निमूटपणे भरतो हे खरे, समन्याय, पण ग्राहक टिकवायचा असतो तेव्हा पॅरिस कराराचे कलम ई-मेलला जोडून भागत नाही.

बंदरकाठ यांनी सीमारेषांचा उल्लेख केला आहे, त्यावर तांत्रिक भर घालतो, कारण इथे चमत्कारिक गोष्टी आहेत. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्याबाबत सीबॅम सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतो, म्हणजे माल बनवण्याच्या प्रक्रियेत जे सुटते ते. वापरलेल्या विजेमागचे उत्सर्जन मोजत नाही. सिमेंट आणि खतांना मात्र ते मोजतो.

आमच्या वसाहतीत कित्येकांनी युरोपीय ग्राहकाच्या आग्रहावरून छतावर सौर पॅनेल बसवले. त्याने विजेचे बिल कमी झाले, ते चांगलेच आहे, पण सीबॅमच्या हिशोबात त्याचा उपयोग शून्य. हे सांगितले की लोकांचा विश्वास बसत नाही.

आता जालन्याकडे पाहा. तिथल्या इंडक्शन फर्नेस विजेवर चालतात आणि ती वीज मुख्यतः कोळशाची असते. देशाच्या ग्रिडचे उत्सर्जन मेगावॅट-तासाला साधारण ०.७ टन आहे. पण भट्टीतले थेट उत्सर्जन अल्प असल्याने, भट्टीत नुसते भंगार वितळवले तर ते पोलाद सीबॅमच्या दृष्टीने अतिशय स्वच्छ ठरते. त्याच भट्टीत स्पंज आयर्न घातले की चित्र पालटते, कारण आपल्याकडचा स्पंज आयर्न प्रामुख्याने कोळशावर बनतो आणि पूर्वगामी माल म्हणून त्याचे सगळे उत्सर्जन बिलेटला चिकटते. म्हणजे भट्टी तीच, वीज तीच. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घातलेल्या मालात, भंगार किती आणि स्पंज किती यावर आकार ठरणार. जालन्याचा बहुतेक माल देशातच सळया म्हणून खपतो, त्यामुळे तिथे आज कोणाला याची फिकीर नाही. पण तिथला बिलेट एखाद्या निर्यातदाराच्या साखळीत गेला तर हा प्रश्न उठणारच.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट याहून ठळक आहे. एक टन धातू बनवायला साधारण १४ ते १५ मेगावॅट-तास वीज लागते. ती कोळशावरची असेल तर विजेपोटीच टनामागे चौदा-पंधरा टन कार्बन होतो, तर थेट उत्सर्जन दोन टनांच्या आसपास असते. आज सीबॅम फक्त त्या दोन टनांकडे पाहतो. उद्या विजेचाही समावेश झाला, आणि पुनर्विलोकनाची तरतूद कायद्यातच आहे, तर ७५ युरोंच्या दराने टनामागे हजार युरोंहून अधिक बोजा पडेल.

बंदरकाठ

आणि वीज वगळली आहे ती आपल्यावरच्या दयेने नव्हे. युरोपातले सदस्य देश आपापल्या वीजखाऊ उद्योगांना महाग विजेची भरपाई सरकारी तिजोरीतून देतात. घरच्या कारखान्याला भरपाई द्यायची आणि आयातीवर तोच आकार लावायचा हे कोर्टात टिकले नसते. भरपाई बंद झाली की वगळणूकही जाण्याची शक्यता आहे.

जमाखर्च

सगळी चर्चा आकार भरायचा की नाही यावर चालली आहे. तो कोणाच्या तिजोरीत जातो, याकडे लक्ष वेधतो.

सीबॅमच्या नवव्या कलमानुसार उत्पादक देशात त्या मालावर कार्बनचा दर प्रत्यक्ष भरला गेला असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे युरोप एक प्रकारे सांगत आहे की हा पैसा तुम्ही घेतलात तर आम्ही घेणार नाही. भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या क्षेत्रांतल्या कारखान्यांना उत्सर्जन-तीव्रतेची, म्हणजे टन उत्पादनामागच्या उत्सर्जनाची, लक्ष्ये ठरवून दिली गेली. पण आपली योजना तीव्रतेवर आधारलेली आहे. लक्ष्य गाठणाऱ्याला काहीच भरावे लागत नाही, उलट क्रेडिट मिळतात. लक्ष्य चुकलेल्यालाही फक्त चुकलेल्या भागापुरती क्रेडिट घ्यावी लागतात. त्यामुळे टनामागे 'प्रत्यक्ष भरलेला दर' काढायला गेले तर तो फारच थोडा निघेल आणि वजावटही तेवढीच मिळेल.

कोळशावरचा उपकर हा आपला सर्वांत जुना कार्बन कर म्हणता आला असता. टनामागे ४०० रुपयांपर्यंत गेलेला तो उपकर २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाई उपकरात विरघळला आणि सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेररचनेत तोही गेला; त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. करभार फारसा बदलला नसेल, पण जीएसटीचा परतावा मिळतो आणि तो उत्सर्जनावर बेतलेलाही नाही, म्हणून सीबॅमच्या व्याख्येत तो बसवणे कठीण आहे. जुना उपकरही कोळशाच्या वजनावर होता, वायूच्या मोजमापावर नव्हता, त्यामुळे तो बसला असताच असे नाही. परंतु त्याचे रूपांतर उत्सर्जनावरच्या आकारात करण्याची संधी होती, आणि ती आपण सोडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

समन्याय यांना विनंती की त्यांनी याचाही विचार करावा. युरोपने ऐतिहासिक जबाबदारी टाळली हे मान्य. पण त्या अन्यायाचा निषेध म्हणून आपलाच पैसा ब्रुसेल्सला जाऊ द्यायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

समन्याय

@जमाखर्च, मुद्दा वजनदार आहे आणि मी तो झटकत नाही. पण त्याची दुसरी बाजू पाहा. देशात कार्बनचा दर लावला तर तो फक्त युरोपला जाणाऱ्या मालावर लागणार नाही. घर बांधणाऱ्याच्या सळईवर आणि शेतकऱ्याच्या पाइपवरही लागेल. निर्यातीचा छोटा हिस्सा वाचवण्यासाठी सगळ्या देशांतर्गत बाजाराची किंमत वाढवायची का, आणि तेही दुसऱ्याच्या वेळापत्रकाने? फक्त निर्यातीवर कार्बन आकार लावावा असा पर्यायही काही अर्थतज्ज्ञ सुचवतात. तो केला तर पैसा इथे राहील आणि आतल्या किमती वाढणार नाहीत. युरोप असा आकार वजावटीसाठी ग्राह्य धरेल का, हे लक्झेंबर्गस्थित सांगू शकतील.

लक्झेंबर्गस्थित

व्याख्येनुसार तो आकार उत्सर्जन कमी करण्याच्या योजनेचा भाग हवा आणि उत्पादनात सुटलेल्या वायूंवर मोजलेला हवा. मालाच्या किमतीवर लावलेले निर्यातशुल्क यात बसणार नाही. मोजलेल्या उत्सर्जनावर लावलेला, परतावा नसलेला आकार बसू शकतो, पण तो केवळ निर्यातीलाच लागू असेल तर आयोग 'ही उत्सर्जन कमी करण्याची योजना आहे का' असे विचारणार हे नक्की. मी आयोगात असतो तर विचारले असते.

बंदरकाठ

चर्चा योग्य वळणावर आली आहे, तेव्हा पुढे काय येऊ घातले आहे तेही नोंदवतो.

आयोगाने १७ डिसेंबर २०२५ रोजी यादीत सुमारे १८० नवे प्रकार घालण्याचा प्रस्ताव मांडला आहे. त्यात पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर वापरणारी यंत्रे, उपकरणे व जोडलेल्या वस्तू आहेत. हा प्रस्ताव संसद आणि परिषद यांच्याकडून अजून जायचा आहे आणि वाटेत तो बदलेल. तरी दिशा उघड आहे: कच्च्या धातूवरून पक्क्या मालाकडे. आज जे यादीबाहेर म्हणून निश्चिंत आहेत त्यांनी आपले एचएस कोड आठ आकड्यांपर्यंत तपासून ठेवावेत. ब्रिटनचा स्वतंत्र सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून येत असून त्याचे नियम वेगळे आहेत, म्हणजे एकाच बोल्टसाठी दोन हिशोब.

भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार करारावरच्या वाटाघाटी २७ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीत पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. २००७ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये अडलेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या या वाटाघाटींतून सीबॅममधून सूट मिळालेली नाही. दुसऱ्या कोणत्या देशाला सवलत दिली तर ती भारतालाही मिळेल, एवढे आश्वासन आहे. पोलादाला याशिवाय वेगळीच चिंता आहे. ऑक्टोबर २०२५ च्या प्रस्तावानुसार युरोप शुल्कमुक्त पोलाद आयातीचा कोटा ४७ टक्क्यांनी कमी करून १.८३ कोटी टनांवर आणू पाहतो, आणि कोट्यापलीकडच्या मालावरचे शुल्क २५ वरून ५० टक्के करू पाहतो. हवामानाचे नाव नसलेले हे शुल्क आपल्या पोलादाला सीबॅमपेक्षा आधी अडवेल, असा माझा अंदाज आहे.

भट्टीचे तापमान

व्यवहारातली एक गोष्ट सांगतो, कारण निर्यात करणारे वाचक इथे असतील. गेल्या काही महिन्यांत आलेल्या खरेदी करारांत एक नवे कलम दिसू लागले आहे: पुरवठादाराने दिलेली उत्सर्जनाची आकडेवारी पडताळणीत चुकीची ठरली तर त्यामुळे वाढलेला प्रमाणपत्रांचा खर्च आणि दंड पुरवठादाराने भरून द्यायचा. प्रमाणपत्रे कमी जमा केल्यास युरोपात कमी पडलेल्या प्रत्येक टन उत्सर्जनामागे १०० युरो दंड आहे आणि प्रमाणपत्रे तरीही द्यावी लागतातच. म्हणजे कायद्याने जो बोजा आयातदारावर टाकला तो करारातून आपल्याकडे परत येतो, आणि त्यावर आपली सही असते.

आम्ही ते कलम तसे स्वीकारले नाही. आमच्या स्वतःच्या कारखान्यातल्या आकड्यांची जबाबदारी आमची. वायर रॉडचे आकडे ज्या मिलने दिले तिच्या नावासह जसेच्या तसे पुढे देऊ, पण त्यांची हमी देणार नाही. आणि आकडे न मिळाल्यास डिफॉल्ट व्हॅल्यू वापरली जाईल, तिचा फरक किमतीत दोघांनी वाटून घ्यायचा, असे लिहून घेतले. दोन ग्राहकांनी मान्य केले, एकाने अजून उत्तर दिलेले नाही. शिवाय उत्पादकाला युरोपच्या सीबॅम नोंदणी प्रणालीत स्वतःची नोंद करून आकडे थेट तिथे भरता येतात, त्यामुळे भट्टीचा सगळा तपशील प्रत्येक ग्राहकाच्या हाती द्यावा लागत नाही. ज्यांचे ग्राहक प्रतिस्पर्ध्यांकडूनही माल घेतात त्यांनी ही सोय जरूर वापरावी.

चौथी ओळ

धन्यवाद. अडीच टक्क्यांचा उलगडा झाला. फरक दोघांनी वाटून घ्यायच्या कलमात तो फरक कोणत्या महिन्याच्या परवाना-दराने काढायचा हे लिहिले आहे का? बंदरकाठ यांच्या म्हणण्याप्रमाणे माल आज जातो आणि बिल पुढल्या वर्षी येते.

भट्टीचे तापमान

लिहिले आहे. २०२६ च्या मालाची प्रमाणपत्रे ज्या तिमाहीत माल आला त्या तिमाहीच्या सरासरी लिलाव-दराने विकली जातील, २०२७ पासून आठवड्याच्या सरासरीने. आम्ही २०२६ पुरता तिमाहीचाच दर धरला आहे, आणि तिमाही ठरवताना आमच्या शिपिंग बिलाची तारीख न घेता युरोपातल्या आयात घोषणेची तारीख घेतली आहे. लाल समुद्रात अडचणी सुरू झाल्यापासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जातात तेव्हा या दोन तारखांत तिमाही सहज बदलू शकते, त्यामुळे ही ओळ करारात असलीच पाहिजे.